घातचतुर्दशीला आलेला अतिथी

विमान खाली येऊ लागले तेव्हा खिडकीतून फिकट पिवळी भूमी दिसली आणि तिच्या कडेला निश्चल समुद्र. कोकणातल्या माणसाला समुद्राजवळ हिरवळ नसावी हे पटत नाही. मी मात्र भूगोल पाहण्यासाठी निघालो नव्हतो. कुवेतमध्ये हिशेबनीस असलेला माझा मुलगा विनायक याने मला एका निर्णयासाठी बोलावले होते. त्याची कन्या मैथिली विमानांच्या अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून घरी आली होती. लढाऊ विमाने बांधणाऱ्या एका जपानी कारखान्याने तिला नोकरी देऊ केली होती आणि रविवारपर्यंत तिला उत्तर कळवायचे होते. "आजोबा हो म्हणाले तरच जायचं," असे विनायकने तिला सांगून ठेवले होते.

त्याचे कारण आमच्या घराण्यात आहे. माझे चुलते केशवकाका माझ्या जन्मापूर्वी रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. महायुद्धात जपानी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले, त्यात ते बंदराच्या धक्क्यावरच गेले. त्यांच्यासोबतचा एक गृहस्थ पायी चालत हिंदुस्थानात पोहोचला, म्हणून आम्हाला कळले तरी. शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध पितृपक्षातल्या चतुर्दशीला करतात. तिला घातचतुर्दशी म्हणतात. काका अविवाहित होते. प्रथम आजोबांनी, नंतर वडिलांनी आणि आता मी हे श्राद्ध करत आलो आहे. यंदा ती तिथी कुवेतमध्येच येणार होती.

विमानतळावर सीमाशुल्काच्या वृद्ध अधिकाऱ्याने माझ्या पिशवीतली दर्भाची जुडी उचलून हुंगली.

"दवा?" त्याने विचारले.

"नाही. मेलेल्या वडीलधाऱ्यांसाठी," मी हिंदीत सांगितले.

त्याने जुडी दोन्ही हातांनी परत पिशवीत ठेवली आणि अरबीत काहीतरी पुटपुटला. ती प्रार्थना असावी, असे त्याच्या मुद्रेवरून वाटले.

विनायकचे बिऱ्हाड अब्बासियात आहे. खाली मल्याळी माणसाचा बकाला (किराणा दुकान), पहाटे कामगारांना नेणाऱ्या बसगाड्यांची रांग आणि सप्टेंबर सरत आला तरी भट्टीसारखा वारा. दुसऱ्या दिवशी विनायकने मला दस्मानजवळचा समुद्रकिनारा दाखवला आणि मग जहराच्या पलीकडे वाळवंटात नेले. तिथे एका स्थूल, करड्या मालवाहू विमानाने आमच्या डोक्यावरून जाताना गाडीच्या काचा थरथरवल्या.

"बाबा, इकडे कॅमेरा काढायचा नाही. पुढे लष्कराचा तळ आहे," विनायक म्हणाला. "जपानी विमानंसुद्धा इथूनच इराकला जायची, वीसेक वर्षांपूर्वी."

"जपानी? त्यांनी तर युद्ध सोडले होते ना?"

"माझ्या ओळखीचे जपानी गृहस्थ आहेत, ओकाबेसान, ते सांगतील. त्या विमानांवर ते मेकॅनिक होते. मैथिलीचं नाव त्यांनीच कारखान्याला सुचवलं. शुक्रवारी त्यांना जेवायला बोलावलंय."

मी पंचांग मनात उलगडले. शुक्रवारी चतुर्दशी होती. विनायकने केवळ सुट्टीचा वार पाहिला होता. आमच्या घरात वाढलेल्या मुलाकडून ही चूक व्हावी याचे मला वाईट वाटले. परंतु बोलावलेल्या अतिथीला श्राद्धाच्या दिवशी परतवणे हे त्याहून मोठे पाप, म्हणून मी बेत तसाच राहू दिला.

श्राद्धाची सामग्री आणण्याचे काम दत्तारामने केले. तो सावंतवाडीकडचा सुतार. फहाहीलला एका ठेकेदाराकडे आहे आणि अब्बासियात सहा जणांबरोबर एका खोलीत राहतो.

"गुरुजी, केळीची पाना गावली, काळे तीळ गावले," तो दारातच म्हणाला. "कावळो तेवढो तुमी बघा. त्येचो व्हिसा काय माझ्या हातात नाय."

"कावळा न आला तर गाय चालते," मी म्हणालो.

"गाय? हंय उंट गावतलो, बोलावू?"

सूनबाई शुभदा हसली. त्या घरात त्या आठवड्यात मी ऐकलेले तेच शेवटचे हसू.

शुक्रवारी सकाळी ब्राह्मणांच्या जागी दर्भाची चटे मांडून मी श्राद्ध केले. मैथिली स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून पाहत होती. वडे, खीर, आमसुलाची चटणी, अळू, सर्व शुभदाने यथासांग केले होते. काकबळी सज्ज्यात ठेवला. कावळा आला नाही. पारव्यांनी तो उधळून खाल्ला.

दुपारी ओकाबे आले. साठीच्या पुढचे, शिडशिडीत गृहस्थ, आता एका वीजकेंद्राच्या देखभालीचे काम पाहतात. दारातच त्यांनी पादत्राणे काढून टोके बाहेरच्या बाजूला वळवून ठेवली, ते मला आवडले. पण मी त्यांना आवडून घ्यायला तयार नव्हतो. ते इंग्रजीत बोलत, मैथिली मला मराठीत सांगत असे.

पहिला घास घेण्यापूर्वी त्यांनी बाजूला वाढून ठेवलेल्या पानाकडे पाहिले. "अजून कोणी यायचे आहे का?"

"बाबा, राहू द्या ना आज," विनायक हळूच म्हणाला.

"त्यांनी विचारले आहे," मी म्हणालो. "मैथिली, सांग. हे पान माझ्या काकांचे आहे. त्यांच्या देशाच्या विमानांनी रंगूनला मारलेल्या काकांचे."

मैथिलीने ते इंग्रजीत सांगितले. ओकाबेंनी घास खाली ठेवला, हात गुडघ्यांवर घेतले आणि त्या पानासमोर कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकले.

"मला हे ठाऊक नव्हते," ते उठून म्हणाले. "शाळेत रंगूनचे नाव आले असेल. तिथे भारतीय होते, हे कोणी शिकवले नाही."

उर्मट माणूस असता तर माझे काम सोपे झाले असते. या सज्जनापुढे माझा राग कोठे ठेवावा ते मला कळेना.

मग मैथिलीनेच त्यांना विचारले, "तुम्ही इथून जी विमानं उडवलीत, त्यात काय असायचं?"

"आमची विमाने आकाशाच्या रंगाने रंगवली होती, दिसू नयेत म्हणून," ते म्हणाले. "पराभवानंतर काही वर्षे आम्हाला विमान बांधायचीही मनाई होती. पुढे हवाई दल झाले, पण नाव स्वसंरक्षणाचे. इथे आलो तेव्हा जपानमध्ये लोकांना सांगितले गेले की आम्ही औषधे आणि मदतीचे सामान नेतो. तेही नेले. पण बाकांवर बहुतेक वेळा परदेशी सैनिक बसलेले असत. आमच्याच एका न्यायालयाने ते घटनेविरुद्ध ठरवले. त्यानंतरही काही महिने आम्ही उडत राहिलो."

"आणि आता?" मी विचारले.

"आता आमचे लोक दोन युरोपीय देशांबरोबर नवे लढाऊ विमान बांधत आहेत. ते इतर देशांना विकायलाही परवानगी मिळाली आहे. माझ्या काळी असे कोणी बोलले असते तर मंत्री घरी गेला असता."

"तरी माझ्या नातीचे नाव सुचवलेत?"

"ती हुशार आहे. विमान तर कोणीतरी बांधणारच."

मैथिली पाणी वाढता वाढता खाली बसली. "आजोबा, सगळे इथेच आहेत. सांगा. मी जाऊ?"

"नको जाऊस," मी म्हणालो. "ज्या घरात त्या बॉम्बने गेलेल्याचे पिंड अजून पडतात, त्या घरातल्या हाताने ते काम होऊ नये."

हे तिने त्यांना भाषांतर करून सांगितले नाही. सांगण्याची आवश्यकताही नव्हती. ओकाबेंनी मान लववली आणि पानावरचे शीत न् शीत खाऊन संपवले. जाताना शुभदाला त्यांनी दोनदा वाकून नमस्कार केला, मला एकदा.

दार लागताच विनायक म्हणाला, "बाबा, ज्या विमानात बसून तुम्ही आलात, तेही कारखान्यातच बनलं होतं. तुमच्या मंत्रांनी नाही."

"ते माणसे नेण्यासाठी बनले होते."

"आजोबा, एक विचारू?" मैथिली स्वच्छ मराठीत म्हणाली. एरवी ती माझ्याशी अर्धे इंग्रजी बोलते. "हीच नोकरी आपल्या देशातल्या कारखान्यात मिळाली असती, हेच विमान, तर तुम्ही पेढे वाटले असते ना?"

पुष्कळ वर्षे मी शास्त्र शिकवले, समोरच्याचा आक्षेप म्हणजे पूर्वपक्ष मांडायला विद्यार्थ्यांना शिकवले. हा पूर्वपक्ष खरा होता. मी पेढे वाटले असते, देवापुढे ठेवून मगच वाटले असते.

तरी माझे 'नको' मी मागे घेतले नाही. स्वतःच्या बाबतीत मी दुटप्पी आहे म्हणून तिला त्या कामावर जाऊ द्यावे, हे मला पटेना. आजही पटत नाही. शनिवारी तिने कारखान्याला नकार कळवला. "आय सेड नो, बाबा," एवढेच ती विनायकला म्हणाली आणि खोलीत गेली. या काळात कोणी वडीलधाऱ्याचा शब्द इतका तंतोतंत पाळील, असे मला वाटले नव्हते. खरे सांगायचे तर, ती जाईल आणि मी नाराज राहीन, असेच मी धरून चाललो होतो.

निघायच्या दिवशी विमानतळावर तिने वाकून पायांना हात लावला. मी आशीर्वाद दिला. ती सरळ उभी राहून म्हणाली, "आजोबा, पुढच्या वेळी मी तुम्हाला विचारणार नाही. राग नाही. फक्त विचारणार नाही."

परतीच्या प्रवासात शेजारच्या मुलाने मला खिडकी दिली, पण मी बाहेर पाहिले नाही. घरी आल्यावर गावातले लोक कुवेत कसे आहे ते विचारत होते. मी त्यांना समुद्राचा रंग सांगितला, खजूर वाटला. मैथिली आता एका विमा कचेरीत नोकरी करते, असे विनायकच्या फोनवरून कळले. कारखान्यात तिच्या जागी दुसरे कोणी बसले असेल आणि ते विमान ठरल्या वेळी तयार होईल. आमच्या घराण्यात मोठ्या माणसाला विचारून पाऊल टाकण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. केशवकाकाही माझ्या आजोबांना विचारूनच रंगूनला गेले होते, आणि आजोबांनी 'जा' म्हटले होते. काका गेल्यावर त्या शब्दाचे ओझे ते जन्मभर वाहत राहिले, असे वडील सांगत. मी 'नको' म्हटले. माझ्यानंतर आता कोणी विचारणार नाही.