कानाला लावलेला पेचकस

कर्र… कट्. कर्र… कट्.

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात तीन नंबरच्या मशीनचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटलं होतं. खरं तर आधी काहीच ऐकू आलं नव्हतं. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पेचकसाचं टोक मशीनच्या अंगाला टेकवलं, लाकडी मूठ माझ्या कानाला लावली आणि म्हणाले, "सुन. बेअरिंग रो रही है." मग ऐकू आलं. उस्ताद निवृत्त झाले तेव्हा तो पेचकस मला देऊन गेले.

किस्से कोणी गोळा करायला जात नाही. फिटरच्या खिशात जसे वॉशर आणि पिना आपोआप जमतात, तसे ते जमतात. चाळीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या खिशातले निम्मे किस्से जर्मनीतल्या तीन महिन्यांचे आहेत. संध्याकाळी आम्ही म्हातारे स्टेशनजवळ बसतो तेव्हा कोणीतरी म्हणतंच, "काढा, आज कुठला निघतो ते बघू."

दोन हजार चार-पाच साल असेल. आमच्याकडे तार ओढायचं नवीन मशीन तिकडून यायचं होतं. शिकायला दोन माणसं पाठवायची ठरली. एक जया, उल्हासनगरच्या सिंधी घरातली इंजिनीअर मुलगी. दुसरा मी, चौथी पास. मॅनेजरसाहेबांनी मला बसवून नीट सांगितलं. जुनी मशीनं भंगारात जाणार. नव्या मशीनवर तोच उभा राहणार, ज्याच्या कागदावर तिथल्या मिस्त्रीची सही असेल. सही नसली तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षं गेटवर स्टूल टाकून बसायचं.

बायकोने बॅग भरताना एवढंच म्हटलं, "सही घेऊनच या. तुम्हाला गेटवर बसलेलं मला बघवणार नाही."

*

पहिल्या दिवशी तिथल्या फाटकावरच्या बाईंनी माझे पांढरे केस बघितले, मुलीच्या लग्नात शिवलेला कोट बघितला आणि मला कोचावर बसवलं. जयाला फॉर्म भरायला उभं केलं. मला कॉफी आली, बिस्किटं आली. मग एक मोठे साहेब मला सगळा कारखाना दाखवत फिरले. मधूनमधून ते काही विचारत, मी "येस" म्हणे. त्यांना वाटलं, हिंदुस्थानातले मालक आलेत.

शेवटी ते मला हान्सकडे घेऊन गेले. हान्स म्हणजे तिथला मिस्त्री, माझ्याच वयाचा, उंच, कमी बोलणारा. त्याने हात मिळवला आणि सोडलाच नाही. उलटा करून तळवा बघितला. साहेबांच्या कानात काहीतरी बोलला. पाच मिनिटांत कोट खुंटीवर गेला, अंगावर निळा डगला आला आणि गळ्यात शिकाऊ कामगाराचा बिल्ला. वय वर्षं चौपन्न! बाकीचे शिकाऊ माझ्या धाकट्यापेक्षाही लहान.

जया म्हणाली, "काका, अर्धा तास तर शेठ होतात ना? बस झालं."

*

हान्सच्या विभागात भिंतीवर एक मोठी पांढरी फळी होती. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पेनाने रेखलेली. पान्याच्या आकृतीवर पाना, हातोडीच्या आकृतीवर हातोडी. सुटी व्हायच्या आधी एक जरी आकृती रिकामी दिसली तरी कोणी घरी जायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात तेरा नंबरचा पाना सापडेना. सगळा विभाग शोधायला लागला. कपाटं उघडली, कचऱ्याचे डबे ओतले. मीही मन लावून शोधत होतो. एका टेबलाखाली वाकलो आणि माझ्या डगल्याच्या खिशातून तो खाली पडला. आमच्याकडे पाना खिशातच ठेवतात. टेबलावर ठेवला तर तो दुसऱ्याच्या खिशात जातो. हे जयाने त्यांना कसं समजावलं कोण जाणे.

त्यानंतर हान्सने माझे सगळे खिसे तपासले. वरच्या खिशात उस्तादांचा पेचकस निघाला. हान्सने तो फळीजवळ नेला, इकडे-तिकडे बघितलं, मान हलवली. फळीवर ज्याची आकृती नाही ते हत्यार इथे चालत नाही. पेचकस त्याच्या ड्रॉवरमध्ये गेला आणि ड्रॉवरला कुलूप लागलं.

*

आम्ही राहत होतो एका सत्तरीच्या बाईंच्या घरी, वरच्या दोन खोल्यांत. मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या ओ द्यायच्या. एकदा त्यांनी जयाला बाजूला घेऊन विचारलं की, ह्या गृहस्थांचा धर्म कोणता? जया म्हणाली, बौद्ध. मग बौद्धांमध्ये गुरुवारी पाण्याची पूजा असते का?

झालं असं होतं की, आमच्याकडे उन्हाळ्यात बारवी धरणाचं पाणी शुक्रवारी बंद. गुरुवारी रात्री भरून ठेवायचं, ही इतक्या वर्षांची सवय. तिकडेही गुरुवार आला की माझा हात नळाकडे जायचा. त्यांचा अंघोळीचा टब काठोकाठ, बादली, पातेली, किटली, फुलदाणीसुद्धा भरून ठेवायचो. शुक्रवारी सकाळी नळाला धो धो पाणी यायचं आणि मला जरा ओशाळल्यासारखं व्हायचं. पण पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच.

मावशींनी ही पूजा सगळ्या गल्लीला सांगितली होती. लोक माझ्याकडे आदराने बघायचे.

मग एका शुक्रवारी पहाटे रस्त्याखालचा पाइप फुटला. अख्ख्या गल्लीत थेंब नाही. मी दाढी करून खाली आलो तर दारात मावशी, त्यांच्यामागे शेजारीण, तिच्यामागे आणखी दोघं. प्रत्येकाच्या हातात किटली. मावशी हळूच म्हणाल्या, "प्लीज."

*

बायकोने सुकटीची चटणी दिली होती. मी डबा उघडला की मावशी घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायच्या. तोंडाने कधी बोलल्या नाहीत. मीही बोललो नाही, पण त्या जे जुनं चीज खायच्या त्याचा वास आला की मी मफलर नाकावर घ्यायचो.

एक दिवस त्यांनी माझा डबा उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठेवला. मी त्यांचं चीज उचललं आणि त्याच्याशेजारी ठेवलं. त्या दिवसापासून दोन्ही डबे तिथेच थंडीत बसायचे, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. शेवटच्या महिन्यात माझी चटणी जरा लवकर संपायला लागली. मी विचारलं नाही.

*

आता कागदाचं. कागदावर बारा रकाने होते. एकेक काम जमलं की हान्स एकेक खूण करायचा. अकरा खुणा दोन महिन्यांत झाल्या. बारावा रकाना होता, पडद्यावरचं इंग्रजी वाचून मशीन चालवणं. मी पडद्याची जागा न् जागा पाठ केली; वरती डावीकडे वेग, खाली उजवीकडे ताण. हान्सने एक दिवस पडदा बदलला. मी वेगाऐवजी ताण वाढवला आणि तार तुटली. त्याने पेन खिशात परत ठेवलं.

रविवारी मी फोन लावायचो, बायको शेजाऱ्यांच्या घरून बोलायची. जेवलात का, थंडी किती, आणि शेवटी, "सही झाली?" मी म्हणायचो, होईल. ती म्हणायची, "बरं." फोनचं कार्ड तेवढ्यातच संपायचं.

जयाला माझं दुःख कळत होतं. ती म्हणाली, "काका, टेस्टच्या वेळी मी मागे उभी राहते ना. हळूच सांगेन, किसीको पता नहीं चलेगा."

मी म्हटलं, "आणि अंबरनाथला माझ्यामागे कोण उभं राहील?"

ती रडायला लागली. मग मलाच तिची समजूत घालावी लागली.

*

शेवटच्या दिवशी आमचं मशीन पेटीत भरायच्या आधी चालवून बघायचं होतं. बाराव्या रकान्याची परीक्षाही त्याच मशीनवर. साहेब लोक आले. मशीन सुरू झालं. पडदा सगळा हिरवा. जयाने मला दुरून अंगठा दाखवला.

आणि मला वाटलं, अंबरनाथला उभा आहे. कर्र… कट्.

मी इकडे-तिकडे बघितलं. कोणाच्याच चेहऱ्यावर काही नव्हतं. मी लाल बटण दाबलं.

शिकाऊ माणसाने लाल बटणाला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशी सांगितलेलं. सगळी लाइन थांबली. एक साहेब ओरडत आले, पडद्याकडे बोट दाखवत. हिरवा, हिरवा, सगळीकडे हिरवा. जया पांढरीफटक. "काका, हे काय केलंत? सही जाईल."

माझ्याकडे भाषा नव्हती. मी मशीनकडे बोट केलं, मग मूठ वळून कानाला लावली. दोनदा केलं. साहेब हसले. हान्स हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, मग ड्रॉवरकडे गेला, कुलूप उघडलं आणि उस्तादांचा पेचकस घेऊन आला.

मशीन पुन्हा हळू सुरू केलं. मी पेचकसाचं टोक गिअरबॉक्सला टेकवलं, ऐकलं, दोन बोटं सरकवलं, पुन्हा ऐकलं. सापडलं. पेचकस तसाच धरून मी मूठ हान्सच्या कानाकडे केली. तो वाकला. डोळे मिटले. बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग त्याने स्वतः मशीन बंद केलं, स्वतः झाकण खोललं. बेअरिंगच्या गोळ्या धरून ठेवणारी जाळी एका जागी तडकली होती, केसाएवढी. त्याने ती बेअरिंग साहेबांच्या हातात ठेवली. साहेबांनी पडदा बघितला, बेअरिंग बघितली, पुन्हा पडदा बघितला.

हान्सने खिशातून माझा कागद काढला. बारावा रकाना तसाच कोरा ठेवला आणि खाली सही केली. जयाने तो कागद माझ्याआधी ओढून घेतला आणि छातीशी धरला.

मला वाटलं, झालं. पण हान्स पेचकस घेऊन फळीकडे गेला. तेरा नंबरच्या पान्याशेजारी थोडी जागा होती. तिथे त्याने पेचकस आडवा धरला आणि पेनाने त्याच्याभोवती रेघ ओढली. सावकाश, मुठीवरची झीजसुद्धा सोडली नाही. मग पेचकस डगल्याला पुसून माझ्या हातात दिला आणि हात धुवायला निघून गेला.