हौसाची न्हाणी

नारपोलीत कुणाला परसातली न्हाणी घरात आणायची असली की केसरीनाथ तऱ्याला निरोप जायचा. न्हाणी हलवता येते, गटार हलत नाही. नव्या जागेचं सांडपाणी जुन्या गटारापर्यंत न्यायचं आणि ते पुन्हा घरात शिरणार नाही असं न्यायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्याइतकं ते कुणाला साधत नसे. लोक म्हणायचे, केसरीनाथने घालवलेलं पाणी माघारी येत नाही.

माझीही न्हाणी त्यानेच हलवली, अठ्ठ्याण्णव साली. मी इथल्या शाळेत मास्तरीण, चूक दिसली की गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. न्हाणीच्या दारात त्याने वीतभर उंच पायरी करून ठेवलेली पाहिली आणि मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

“केसरीनाथ, ही न्हाणी आहे की किल्ला?”

“बाई, गटार हाय त्या लेव्हललाच ऱ्हानार,” तो शांतपणे म्हणाला. “पान्याला उतार द्याचा तं न्हानीच उचलाया लागतं. पानी कोनाचा ऐकत न्हाय.”

पारदर्शक नळीत पाणी भरून तो भिंतीवर लेव्हल घ्यायचा. नळीतलं पाणी स्थिर होईपर्यंत अर्धा अर्धा तास बसून राहायचा. चहा निवून जायचा, हाक मारली तर ऐकू जायचं नाही.

त्याची बायको हौसा खाडीची मासळी घेऊन धामणकर नाक्यावर बसायची. दुपारी घरी आली की टोपली दाराबाहेर आणि हौसा थेट परसातल्या न्हाणीत. मासळीचा वास उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, हा तिचा नेम. आत गेली की लवकर बाहेर यायचं नाव नाही. मी थट्टा करायची, “हौसा, खाडी आटवशील एक दिवस!”

“माज्या आंगोलीच्या पान्यावर आलू वाढतं बाई,” ती आतून ओरडायची, “आनि ता तुमीच नेता!”

ते खरंच होतं. तिच्या अळवाची वडी माझ्याकडे महिन्यातून दोनदा व्हायची.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर हौसाच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला. काठी टेकत, डावा पाय फरफटत ती खाटेपासून दारापर्यंत जाऊ लागली. पण परसातली न्हाणी म्हणजे तीन पायऱ्या चढून भर घातलेलं मागचं अंगण ओलांडायचं, ते काही जमेना. सून मनाली तिला खाटेवरच ओल्या फडक्याने पुसून काढायची. मनाली गुणाची पोर, तिच्या करण्यात काही कमी नव्हतं. तरी मी भेटायला गेले तेव्हा हौसा माझा हात धरून रडली.

“मी काय ताट हाय बाई, पुसून ठेवाया? माज्या हातानी आंगावर पानी घेतला ना, तं मी मानूस हाय असा वाटंल.”

केसरीनाथ दारात उभा होता. दुसऱ्याच दिवशी त्याने खोलीच्या कोपऱ्यात, तिच्या खाटेपासून सहा पावलांवर, खडूने चौकोन आखला.

आठ दिवस तो त्या कोपऱ्यात खपला. सिमेंट कालवायलासुद्धा दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. काम झालं तेव्हा मलाही बोलावणं आलं. त्याने भरली बादली न्हाणीत ओतली आणि धावत अंगणातल्या गटाराच्या जुन्या चेंबरशी जाऊन वाकून पाहिलं. परत आला तो नवरदेवासारखा फुलून.

“गेला, बाई! थेंब ऱ्हायला न्हाय.”

मग हौसा आली. खांद्यावर पंचा, हातात काठी. नव्या न्हाणीच्या दाराशी येऊन थांबली. दारात आठ इंचांची पायरी होती. उजवा पाय उचलावा तर डावा भार पेलेना, डावा उचलावा तर तो उचलतच नव्हता. तिने तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा अंगठा लादीवर आपटला. केसरीनाथ तिला उचलायला वाकला, तर तिने त्याचा हात झिडकारला.

“पान्याचा इचार केलात,” ती म्हणाली, “माजा न्हाय केलात.”

त्याचं तोंड पांढरं पडलं. मला त्याचा संताप आला आणि त्याच घटकेला त्याची इतकी दया आली की मी मान फिरवली. चाळीस वर्षं लोकांच्या न्हाण्या उचलून उचलून त्याच्या हाताला तीच सवय पडली होती. आणि मी तरी कुठली शहाणी! घरी रोज तसलीच पायरी गुडघे धरून चढत होते, आठ दिवस येता-जाता त्याचं काम बघत होते, माझ्याही डोक्यात आलं नाही.

त्याने पायरीला उतरती फळी लावून पाहिली. त्यावरून घसरून हौसा खाली बसली. पाइप खाली घ्यावा तर बाहेरचं गटारच उंच, कारण गल्लीतल्या रस्त्यावर थरावर थर चढून घरं खड्ड्यात गेली होती. शोषखड्डा काढावा तर खाडीकडची जमीन, दोन फुटांवर पाणी. मी पंपाचं सुचवलं. “लाइट तरी हाय का?” तो म्हणाला. त्या वर्षी दिवसातले सहा-सात तास वीज नसायचीच.

तिसऱ्या दिवशी त्याने छिन्नी-हातोडा घेतला आणि आपलीच न्हाणी फोडली. लादी खोलीच्या बरोबरीने बसवली. पाणी काढलं ते भिंतीमागे पुरलेल्या निळ्या ड्रममध्ये. वर झाकण. हौसाची आंघोळ झाली की ड्रम उपसायचा आणि बादल्या नेऊन जुन्या चेंबरमध्ये रिकाम्या करायच्या. तिला त्याने सांगितलं, गटाराला जोडलं. आम्हालाही तसंच सांगायला लावलं.

“लोकांचा पानी त्याच्या पायानी गेला,” तो मला म्हणाला, “हिचा माज्या पायानी जाल.”

हौसा पहिल्या दिवशी पाऊण तास आत होती. बाहेर आली तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं आणि वाकडं झालेलं तोंड हसत होतं. मला म्हणाली, “आटवली, बाई, खाडी.” मी तिथेच रडले. लाज कसली त्यात.

वर्षभराने, मार्गशीर्षात, तिला दुसरा झटका आला आणि ती गेली.

तेराव्यानंतर मी गेले तेव्हा केसरीनाथ भिंतीमागे ड्रमजवळ बसला होता. दाढी वाढलेली. मी पायरीवर टेकले. त्याने आदल्या दिवशी मनालीने सांगितलेलं मला सांगितलं.

हौसाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिची खाट त्या भिंतीला लागूनच. झाकण सरकवल्याचा आवाज, बादलीची खरखर, वाकताना त्याच्या तोंडून निघणारं “आई गं”, सगळं तिला ऐकू यायचं. त्याची पाठ दुखू नये म्हणून तिने पाणी कमी करत आणलं. शेवटी शेवटी दोन तांबे. बाकीचं अंग ती फडकं भिजवून स्वतःच पुसून घ्यायची. मनालीला गळ्याची शपथ घातली होती, सासऱ्याला सांगायचं नाही.

“तुला कळू नये म्हणून तिने केलं,” मी म्हटलं. “तुझा काय दोष?”

त्याने ड्रमच्या झाकणावर हात ठेवला.

“ड्रम रोज मीच उपसत व्हतो, बाई. आदी भरून वाहाचा. मंग निम्मा झाला, मंग पाव. मना दिसत व्हता. मना वाटला, बरा झाला, ओजा कमी झाला. का कमी झाला, ता मी तिला एकदा पन इचारला न्हाय.”