तक्कूला काय काय लागतं

जिभेवर थेंबही न ठेवता चव सांगणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली आहे, आणि ती माझी सासू आहे. पुण्यातल्या माझ्या बहिणीला हे खोटं वाटतं. वाटू दे. तिला टकीलासुद्धा फक्त हॉटेलात मिळते असं वाटायचं.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणते. धारवाडकडच्या मराठी घरांतली ही पद्धत. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, आणि अक्का तिथलं घर बंद करून आमच्याकडे व्हाइटफील्डला अकराव्या मजल्यावर राहायला आल्या. इथे स्वयंपाकाला बाई येते, देव भिंतीतल्या एका कपाटात आहेत, आणि नवरा आणि मी दिवसभर आपापल्या लॅपटॉपला चिकटलेले. अक्कांना वाटलं होतं, बेंगळुरात निदान कन्नड बोलायला तरी माणसं मिळतील. लिफ्टमध्ये बघावं तर सगळे हिंदीत. कन्नड बोलायला मिळायचा तो फाटकाबाहेरचा शहाळंवाला अण्णा, तेवढाच.

श्रावणात त्यांनी जाहीर केलं की दसरा झाला की बेळगावला लेकीकडे राहायला जाणार, कायमची. इथं माझं काय काम, असं त्यांचं म्हणणं. नवरा म्हणाला, "सरी." सरी म्हणजे कन्नडात बरं; त्याला काहीही सांगा, तो सरीच म्हणतो. माझं डोकं असं फिरलं! कारण मला त्या हव्या होत्या. अगदी सरळ सांगते, घरात माझ्याशी तोडीस तोड भांडणारं दुसरं कुणी नाही. त्या गेल्या असत्या तर मी आणि माझा सरी-सरी करणारा नवरा, एवढंच उरलं असतं. पण सुनेनं सासूला "जाऊ नका हो" म्हणायचं कसं? ते शब्द काही तोंडून निघेनात.

अशात ती बाटली उघडली. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून आणून दिलेली टकीला तांदळाच्या डब्यामागे कित्येक महिने पडून होती. एका शनिवारी संध्याकाळी शेजारचं जोडपं यायचं होतं आणि माझ्या अंगात आलं, आज मार्गारिटा करायचीच. व्हिडिओ बघितला. शेकर कुठून आणणार? नवऱ्याचा फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, त्यात टकीला, लिंबू, साखर आणि बर्फ घातला आणि असा काही हलवला की खालच्या मजल्यावर कुत्रं भुंकायला लागलं. नवरा दारातून म्हणाला, आधीच मर्कट तशातही मद्य प्याला. अजून प्यालेही नव्हते मी!

त्या आवाजानं अक्का आल्या. काय करायलीस, म्हणाल्या. म्हटलं, टकीला. त्यांनी ओट्यावरची लिंबं बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "तक्कूला लिंबू कशाला गं? कैरी नको काय?"

आता तक्कू म्हणजे कैरी किसून, गूळ-तिखट घालून करतात ते तोंडीलावणं. मी हसता हसता ओट्यावर वाकले. शेवटी सांगितलं, अक्का, ही दारू आहे. वाटलं, आता देव देव करत खोलीत जातील. तर त्या पुढे आल्या, चमच्यानं डब्यातला थेंबभर तळहातावर घेतला, दुसऱ्या हातानं चोळला, क्षणभर थांबल्या आणि वास घेतला. म्हणाल्या, आंबट नुसतं वर तरंगायलंय, खाली धरायला काही नाही. साखर काढ, गुळाचं पाणी घाल. आणि मीठ नुसतं ग्लासच्या काठाला कशाला फासलंस, चिमूटभर आत पण घाल की.

मी घातलं. घोट घेतला. अहाहा! आधीचं होतं ते लिंबाचं सरबत, त्यात कुणीतरी स्पिरिट सांडलेलं. आणि हे? आंबट, मग गोड, मग मागून हळूच ती झणक. मी अक्कांकडे बघतच राहिले. तुम्हाला कसं कळलं, विचारलं.

त्यात काय कळायचं, म्हणाल्या. त्यांच्या घरी नैवेद्याचा स्वयंपाक सोवळ्यातला. देवाला दाखवायच्या आधी जीभ लावायची नाही. लग्न होऊन आल्यापासून सणावारी पंचवीस-तीस पानांची आमटी, कोशिंबीर, पुरण सगळं वासावर. मीठ पडलेल्या आमटीचा वास वेगळा आणि न पडलेल्या आमटीचा वेगळा. थंड पदार्थ बोलत नाही, म्हणून त्याला तळहाताची ऊब द्यायची. दारूचा वास उडून जातो आणि मागे राहतं ते खरं, हा शोध मात्र त्यांनी त्या दिवशीच लावला.

शेजारच्यांनी दोन-दोन ग्लास घेतले. आणि पुढच्या शनिवारी अक्काच म्हणाल्या, "आज तक्कूला काय आणू?"

झालं! आम्ही दोघी हात धुऊन त्या बाटलीच्या मागे लागलो. मोजायला मी देवघरातली पळी उचलली तर अक्कांनी फट्‌कन हातावर चापट मारली आणि खोकल्याच्या औषधाचं टोपण दिलं. तेच आमचं माप. तीन टोपणं टकीला, दोन टोपणं आंबट, दोन टोपणं गोड, चिमूट मीठ, मूठभर बर्फ. डबा हलवायचा, चहाच्या गाळण्यानं गाळायचं. एवढंच! एकदा हे माप हातात बसलं की ऋतू कुठला का असेना, आंबट आणि गोड तेवढं बदलायचं. आणि बेंगळुरात ऋतू तरी कुठले? सकाळी स्वेटर, दुपारी पंखा, संध्याकाळी छत्री.

पाऊस लागला तेव्हा कोकमाचं आगळ काढलं. बेळगावहून नणंदेनं सोलकढीसाठी पाठवलेलं, बिचारीला काय ठाऊक! त्यात जिरेपूड घातली. रंग असा की नवऱ्यानं प्यायच्या आधी फोटो काढला. मग गुलाबी पेरू आले. पेरू कुस्करून गाळला, आणि काठाला लावायला अक्कांनी ब्याडगी मिरची भाजून मिठाबरोबर खलात कुटली. पहिला घोट घेतला आणि मी खरोखर उडी मारली. शाळेबाहेरच्या गाडीवर तिखट-मीठ लावलेली पेरूची फोड खायचो ना, तीच, पण मोठी होऊन नोकरीला लागलेली. गार हवा पडली तेव्हा बर्फच नाही, आल्या-गुळाच्या कोमट पाण्यात टकीला आणि वर लिंबाची चकती. आणि काहीच सुचलं नाही तर खाली जायचं. अक्का अण्णाशी पंधरा मिनिटं कन्नडमध्ये गप्पा मारून शहाळं निवडायच्या. शहाळ्याचं पाणी, लिंबू, मीठ, टकीला. याला तर डबासुद्धा हलवायला लागत नाही.

एका गोष्टीवरून मात्र भांडलो. मला पन्ह्याचा करून बघायचा होता आणि दुकानात पन्ह्याची तयार बाटली मिळत होती. अक्का म्हणाल्या, छे, कैरी चैत्रातच. तेव्हा वेलची घालून ताजं करायचं. मी आणूच म्हणत होते, त्या नकोच म्हणत होत्या. मस्त कडाक्याचं भांडण झालं. पण मग मनात आलं, चैत्रात तुम्ही कुठे असणार अक्का? बेळगावला. दसरा दोन आठवड्यांवर आला होता, आणि बेळगावला जायचं नाही असं त्या काही म्हणाल्या नव्हत्या.

बरं, या काळात त्यांचा लेकीला रोज फोन. माझ्या कानावर पडायचं, "आज तक्कू केला. पेरूचा." पलीकडून काहीतरी विचारणं. "हो की, कोकमाचा पण करतोय." मी खोलीत तोंडावर उशी धरून हसायचे. त्या खोटं कुठे बोलत होत्या? त्यांच्या लेखी त्याचं नावच तक्कू होतं.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी नणंद आली, अक्कांना न्यायला. मॅजेस्टिक स्टेशनहून मेट्रोनं थेट व्हाइटफील्ड. ती नवऱ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. जेवणं झाली, दुपारी तिनं पिशवीतून काचेची रिकामी बरणी काढून ओट्यावर ठेवली. म्हणाली, आई, तो पेरूचा तक्कू थोडा भरून दे गं, तिथे सगळ्यांना उत्सुकता आहे.

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. अक्कांनी शांतपणे फडताळ उघडलं आणि बाटली काढून बरणीशेजारी ठेवली.

मग जे व्हायचं ते झालं. ताईचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. ती अक्कांना काही बोलली नाही, सगळं माझ्यावर. जन्मभर सोवळ्यात स्वयंपाक केलेल्या बाईकडून दारू करून घेतेस? बेळगावात कळलं तर तोंड कुठे लपवायचं? मी काय गप्प बसणार! म्हटलं, थेंब घेतला नाही त्यांनी, नुसता वास घेतला, आणि तुमच्या आगळाचा सगळ्यात छान झाला होता. हे सांगायला नको होतं. ताई तडक आत गेली आणि अक्कांच्या साड्या बॅगेत भरायला लागली. रात्रीची गाडी होती, तिकिटं काढलेली होती. नवरा दारात उभा राहून "ताई, ताई" करत राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला सरी म्हणता येईना. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. रागानं की कशानं, मला काय माहीत! अक्का जाणार होत्या आणि मी भांडून ते आणखी पक्कं केलं होतं.

अक्का पलंगावर बसल्या. त्यांनी बॅगेतून वरची साडी काढून मांडीवर घेतली.

"मी नाही येत," त्या म्हणाल्या.

ताई थांबली. माझ्याकडे तुला काय कमी आहे, तिनं विचारलं. आवाज एकदम लहान झाला होता तिचा.

"काही कमी नाही. तुझ्याकडं ताट वाढून हातात मिळतं, ओट्याकडं जाऊ देत नाहीस. माया आहे तुझी, कळतं मला." अक्कांनी साडीवरून हात फिरवला. "मी जन्मभर न चाखता केलं बघ. तुझे बाबा पहिला घास घ्यायचे आणि मी दारात उभी राहून त्यांच्या तोंडाकडं बघायची. ते म्हणायचे, बरं झालंय. पन्नास वर्षांत दुसरा शब्द नाही. पण ते म्हणेपर्यंत मला चव कळायची नाही. ते गेले आणि बघायला तोंडच राहिलं नाही कुणाचं. आता ही पहिला घोट घेते, तेव्हा मी हिच्या तोंडाकडं बघते."

त्या घोटांच्या वेळी माझे डोळे कायम मिटलेले असायचे. समोर कुणी असं उभं असतं, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

ताई बराच वेळ बॅगेची चेन मागेपुढे करत राहिली. मग बाहेर आली, जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, थोडं कर. अगदी थोडं.

मी पेरू कुस्करला. निम्मं ओट्यावर सांडलं. अक्कांनी तळहातावर थेंब चोळला, वास घेतला, अजून चिमूटभर मीठ टाकलं आणि ग्लास स्वतः नेऊन लेकीपुढे ठेवला. परत फिरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या.

ताईनं नाक मुरडून ग्लास उचलला. एक घोट घेतला. तिचे डोळे बारीक झाले, मग भुवया वर गेल्या, मग तिनं ओठांवरचं तिखट-मीठ जिभेनं टिपलं आणि ग्लासकडे बघत राहिली.

"बरं झालंय," ती म्हणाली.

अक्कांनी दाराची चौकट धरली.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.