कोशिंबीची लाल पालवी

आमच्या अंधेरीच्या सोसायटीत सखुबाई मासे विकायला बसते त्याला अकरा वर्षं झाली. खारदांड्याची कोळीण. नवरा रामचंद्र होडीत पडला, त्याचं कंबरडं गेलं आणि तेव्हापासून घर हिच्या पाटीवर चालतं. गेटच्या आतली पायरी ही तिची जागा. बोलायला फटकळ, हाताने चलाख. मांदेली साफ करता करता तीन गिऱ्हाइकांशी एकदम भांडेल. एकदा तिची पाटी जप्त करायला पालिकेची माणसं आली, तर ही पदर खोचून उभी राहिली आणि माणसं आल्या पावली परत गेली. अशा बाईला भीती कशी ती ठाऊकच नसेल, असं मला वाटायचं.

मी सोसायटीची सेक्रेटरी. जीभ तिखट आहे हे मला माहीत आहे. त्याशिवाय सोसायटी चालत नाही. माशांच्या वासावरून तक्रार झाली तेव्हा मीच मीटिंगमध्ये सखुबाईची बाजू घेतली, पण दोन अटी घालून. जाताना जागा धुवायची आणि भिंतीलगतच्या माझ्या तीन झाडांना रोज पाणी घालायचं. "झाडांना काही झालं, तर ही पायरी विसरायची," असंही बजावलं. चार वर्षांपूर्वी मी ती रोपं बोरीवलीहून आणून लावली होती. कोशिंबीची. ती कसली झाडं, हे मात्र तिला कधी सांगितलं नाही. मासेवालीला काय करायचंय, हा माझा शहाणपणा.

पुढचं तिच्याकडूनच मला नंतर कळलं.

दांड्याला तिच्या घरामागे पपई आहे. मासळी धुतलेलं पाणी झाडाला घालायचं ही सासूपासूनची रीत, आणि त्या पाण्यावर पपई नुसती लगडते. तेच पाणी ती माझ्या झाडांनाही घालायची, गुपचूप. फाल्गुनात एक दिवस तिने पाटीतल्या बर्फाचं वितळलेलं पाणी तिन्ही बुंध्यांशी ओतलं. बादली रिकामी झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की बर्फ टिकावा म्हणून आज त्यात मूठ-मूठ खडेमीठ टाकलं होतं.

चार दिवसांत पानं गळायला लागली. आठवड्यात नुसत्या काड्या उरल्या. तिने रामचंद्रला विचारलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "मीठ लोखंड खातंय, तुझ्या झाडाला काय सोडतंय!" झालं. आपल्याच हातून झाडं मेली, हे तिने पक्कं धरलं.

त्याच वेळी मी नाशिकला माझ्या लेकीकडे, उत्तराकडे, आठ दिवस गेले. तिला तेवढीच मुदत मिळाली. नळाला बादली लावायची आणि झाडाला ओतायची, मीठ धुऊन जाईल म्हणून. एकवीरा आईला नवस बोलून झाला. तिसऱ्या दिवशी काड्यांना कोंब फुटले तेव्हा तिने हात जोडले. पण कोंब उलगडले ते लाल. हिरव्याचा ठिपका नाही कुठे. माशाच्या कल्ल्यासारखी लालभडक पानं, तीसुद्धा मऊ आणि लोंबती. आत मुरलेलं मीठ आता वर आलं, झाड आतून जळतंय, याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

पाणी घालावं तसा लाल रंग वाढत होता. वॉचमन धोंडूने मस्करी केली, "मावशी, झाडांना आग लागली काय? मॅडमनी बघितलं तर वाट लागली तुझी!" तो हसला आणि विसरला. ती मासे तोलताना चुकायला लागली. गेटशी रिक्षा थांबली की मीच आले असं वाटून मान वर करायची. अकरा वर्षांची गिऱ्हाइकं, रामचंद्रची औषधं, सगळं त्या पायरीवर होतं. या वयात नवी जागा कोण देणार?

मी यायच्या दिवशी दुपारी, सगळे जेवून आडवे झाल्यावर, जळकी पानं माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून तिने तिन्ही झाडांचं पान न् पान ओरबाडलं. पानं पाटीत भरली आणि वर गोणपाट टाकलं.

तेवढ्यात मी गेटमधून आत आले.

झाडं लावून चार वर्षं झाली, यंदा पहिल्यांदाच सगळी पानं गळून लाल पालवी फुटणार, असं मी नाशिकला लेकीला रोज ऐकवलं होतं. समोर तीन उघड्या काड्या आणि त्यांवर ओरबाडलेल्या पालवीचे ताजे देठ बघून माझं डोकंच फिरलं. "कुणी केलं हे?" मी ओरडले. "ज्याने केलंय त्याला या गेटच्या आत पाऊल टाकू देणार नाही!"

सखुबाई उठली. तिने गोणपाट बाजूला केलं.

"मीच केला, मॅडम. मिठाचा पाणी पडला माझ्या हातून. झाडं जळली तुमची." "पाटी घेऊन जाते मी."

पाटीत ती सगळी पालवी होती, लाल, ताजी, टवटवीत.

"अगं, जळली कुठे? हे झाडच असं असतं. आधी पानं गळतात, मग पालवी लाल येते, नंतर हिरवी होते!"

ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. अकरा वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण त्याहून राग आला, आणि मी रागाने तोंड उघडलं.

"आठ दिवस जीव खालीवर करत बसलीस, सखुबाई! फोन होता ना? एकदा मला विचारायचं तरी!"

तिने पदराने नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुमचीच भीती होती, मॅडम. तुमालाच कशी विचारणार?"