सहा पोरी आणि रंगवलेले बूट

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे.

कल्याणजवळच्या मोहन्यातल्या चाळीत मी पोरींचा अभ्यास घेते. त्यातल्या सहाजणींना रविवारी पहिल्यांदाच गडावर नेणार होते. कुणाकडेच चपलेशिवाय काही नाही, म्हणून आज डोंबिवलीत स्वस्त ट्रेकिंगचे बूट बघायला गेले. कुणासाठी हवेत तेही दुकानदाराला सांगितलं.

त्याने काळेकुळकुळीत सहा जोड मांडले. "ताई, एक्स्पोर्टचा माल. डोळे झाकून घ्या."

मी आत हात घातला. अस्तर घामाने चिकट झालेलं, टाचेशी फाटलेलं, आणि पुढे बोटांवर लोखंडी वाटी. असे बूट मी लहानपणापासून घरात बघतेय. पप्पा केमिकल कंपनीत आहेत, तिथे कामगारांना हेच सेफ्टी शूज देतात. कुणीतरी टाकून दिलेले उचलून वर काळा रंग फासला होता. सोल दाबला तर तुकडाच हातात आला.

"काका, गडावर हा सोल निघाला तर पोरगी दरीत जाईल."

तो हसला. "अहो मॅडम, चाळीतल्या पोरी त्या. त्यांना काय कळतंय?"

"मीपण चाळीतलीच आहे," एवढं बोलून निघाले.

बुटांपेक्षा त्या हसण्याची किळस जास्त आली. संध्याकाळी पोरींना रविवार रद्द झाल्याचं सांगितलं, तेव्हा एक रडलीच.

ठाणे-कल्याणात धड सोलचे स्वस्त बूट कुठे मिळतील? वापरलेलेही चालतील. फक्त विकणाऱ्याने तसं तोंडावर सांगावं, एवढी अपेक्षा जास्त आहे का?