काळ्या डब्यातली मुंगी

आमचे हे चष्म्याची भिंगं घासतात. भिंगात केसाएवढा फरक राहिला तरी परत चाकावर धरतील, आणि तोच काटेकोरपणा घरी माझ्या डोक्यावर मिरे वाटतो.

व्हिडिओ गेमचा जुना काळा डबा बदलायचा म्हणून ह्यांनी एका सोबत्याच्या घरी जाऊन दुसऱ्या कंपनीचा पांढरा डबा कितीदा तरी खेळून पाहिला. जेवताना दुसरा विषय नाही. काळ्यावर ऑनलाइन शर्यत ऐन वळणावर गोठते, पांढऱ्यावर अडखळत नाही. काळ्यावर गडी जमेपर्यंत चहा निवतो, पांढऱ्यावर चुटकीसरशी जमतात.

"अहो, लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली होती का?" मी म्हटलं.

घाई होती ती मुंगीसाठी. मुंगी हा ह्यांचा शर्यतीतला जोडीदार. ना खरं नाव ठाऊक, ना फोन नंबर. रोज संध्याकाळी दोघं गाड्या पळवायचे, निरोपही तिथेच लिहायचे. शेवटचा निरोप होता, "सोमवारी मेंदूचं ऑपरेशन. वाचलो तर गुरुवारी संध्याकाळी येतो." तो येईल तेव्हा शर्यत मध्येच गोठायला नको, म्हणून ह्यांनी मंगळवारीच काळा डबा दुकानात देऊन पांढरा आणला.

लावला आणि ह्यांचा चेहरा उतरला. खेळ तोच, रस्ते तेच, पण जोडीदारांच्या यादीत एकही नाव नाही.

"फोन कुठल्याही कंपनीचा असला तरी लागतोच की," हे पुटपुटले. "मला वाटलं, हेही तसंच."

ह्या खेळात तसं नव्हतं. काळ्यावाल्यांची गाठ काळ्यावाल्यांशीच.

ह्यांना घास गिळवेना. कधी नव्हे तो भिंगावर चरा गेला. मला त्या मुंगीचा राग यायचा, आणि त्याच्या जिवाची धास्तीही वाटायची.

गुरुवारी दुकान गाठलं, तर आमचा डबा विकला गेलेला. पण गिऱ्हाइकांना दाखवायला एक काळा डबा मांडून ठेवला होता. दुकानदाराच्या हातापाया पडून ह्यांनी त्यावर आपला पासवर्ड टाकला. यादीत मुंगीचं नाव होतं, पण विझलेलं. मागे माणसं खोळंबली. "काका, आटपा की!" कुणीतरी म्हणालं. हे हलले नाहीत. दुकानदार शटरकडे बघू लागला.

नाव उजळलं.

"आला! अगं, आला!" हे ओरडलेच.

शर्यत सुरू झाली. मुंगीची गाडी सरळ भिंतीवर आदळली, मागे आली, पुन्हा आदळली.

"हा तो नव्हे," हे म्हणाले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

मग पडद्यावर अक्षरं उमटली. "मी त्यांची मुलगी. बाबा शुद्धीवर आलेत, हात अजून हलत नाही. मी रोज इथे बघून त्यांना सांगते. सारखं विचारतायत, तुमची गाडी दोन दिवस का दिसली नाही? तुम्ही बरे आहात ना?"

ह्यांना बटणं सापडेनात. मी कंट्रोलर हातातून घेतला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "बरे आहेत. तुमच्यापायी जेवले नाहीत."