कॅप्टनच्या बुटाची डावी टाच

"बस खाली," विजू म्हणाला, अन् त्यानं पाय पुढं केला.

सौसरचं मैदान. दुपारचे चार. छिंदवाड्याची टीम तिकडं बॉल मारून राहिली होती, अर्धं गाव दुकानं सोडून बांधावर येऊन बसलं होतं. माह्या अंगात सात नंबरची जर्सी. कॉलेजच्या टीममध्ये पहिल्यांदा नाव लागलं होतं, आनंदानं आदल्या दिवसापासून घास उतरत नव्हता. अन् आमचा कॅप्टन मले डाव्या बुटाची टाच दाखवून म्हणते, बस खाली. टाचेचा टाका उसवला होता.

"काढून दे ना," मी म्हटलं.

"लेस बांधली बे आत्ताच. परत कोण सोडन?"

मी खेळाच्या सरांकडं पाह्यलं. मले वाटलं, सर काही बोलतीन. सर बोलले बी. "अरे, पाच मिनिटाचं काम आहे. तुझ्या घरचंच आहे. कर, मग खेळ." अन् त्याईनं खेळाच्या खोलीतून तंबाखूचा डबा आणून माह्या हातात देल्ला. डब्यात आरी, मेणाचा दोरा, सगळं तयार. टीममध्ये माहं नाव टाकलं त्याच हप्त्यात तो डबा त्या खोलीत आला होता. नाव काहून टाकलं, ते मले तिथं कळलं.

मी बसलो. आज बी दात खाऊन सांगतो, मी बसलो. त्यानं बुटासकट पाय माह्या मांडीवर ठेवला. स्टड मांडीत रुतून राहिले होते. तो वर मान करून दोस्ताशी पिक्चरच्या गोष्टी करत होता. मी टाका घालत होतो. आमच्याच टीमचा एक पोट्टा बोलला, "आता पॉलिश बी मारून टाक." सगळे हसले. सर बी हसले, मग शिटी तोंडात धरून दुसरीकडं पाहाले लागले.

मॅच सुरू झाली तेव्हा अकरा जण मैदानात होते अन् त्यात मी नव्हतो. "तू थोडा थांब," सर म्हणाले, "हे दोन जोड बी पाहून घे." सात नंबरची जर्सी घालून मी पूर्ण मॅच दुसऱ्याचे बूट शिवले. आपली टीम जिंकली. लोकाईनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या, हातात आरी धरून. त्या टाळ्याईची मले अजून लाज वाटते.

आम्ही चांभार. बाबा सौसरच्या बसस्टँडच्या कडेला निंबाखाली बसे. कॉलेज गावातल्या सेठ लोकाईच्या कमिटीचं. विजूचा बाप त्या कमिटीत, संत्र्याचा मोठा व्यापारी. कॉलेजच्या टीमचे बूट पह्यलेपासून बाबाकडंच येत. बाबाची एक सवय होती. चप्पल हातात आली का आधी उलटी करे. तळ पाहे. मग माणसाकडं पाहे. एक डाव पटवारी आला, त्याची चप्पल पाहून बाबानं विचारलं, "साहेब, उजवी कंबर धरते का तुमची?" पटवारी पाहतच राह्यला. कोण कोणत्या पायावर भार टाकते, कोण फरफटत चालते, कोणाले पाय टेकवाची भीती आहे, बाबा सगळं तळ पाहून सांगे. मले बी त्यानं शिकवलं होतं. मले मात्र ती विद्या नको होती. मले बॉल पायजे होता.

सरांनी टीमसाठी नियम लावले होते. खोलीच्या दारावर कागद चिकटवला होता. प्रॅक्टिसले उशीर झाला का मॅच नाही. उलट बोलला का टीममधून बाहेर. विजू पाहिजे तेव्हा फटफटीवर येई, पाहिजे तेव्हा जाई. एकदा त्यानं आमच्याच गोलकीपरच्या कानाखाली वाजवली. काही नाही झालं. मोहगावचा आमचा बॅक, शेतकऱ्याचा पोरगा, बस चुकली म्हणून अर्धा तास उशिरा आला तर त्याले मैदानाचे वीस चक्कर. तो दागिना होता त्या टीमचा. विजूच्या पाठीमागचं सगळं तोच सांभाळे. पण त्याच्या मागं कमिटी नव्हती.

पुढच्या मॅचले परत तेच. शिटीच्या आधी विजूनं पाय पुढं केला. तीच डावी टाच.

"बस."

माह्या तोंडून निघून गेलं, "मी खेळाले आलो. शिवाले नाही."

तो मोठ्यानं, बांधावरच्या लोकाईले ऐकू जाईन असं बोलला, "आपल्या जातीचं काम कराले लाज वाटते का बे तुले?"

मी म्हटलं, "काम कराची नाही वाटत. तुहा पाय मांडीवर घ्याची वाटते."

सर धावत आले. वाटलं, आता तरी. सर म्हणाले, "जर्सी उतरव."

मी उतरवली. तिथंच, सगळ्याईसमोर. त्याईच्या हातात देल्ली अन् उघड्या अंगानं बाजारातून घरी गेलो. कोणी विचारलं, "काय रे, आंघोळीले चालला का?" दुसऱ्या दिवशी बोर्डावर हिंदीत कागद लागला होता, अनुशासनहीनता के कारण टीम से निष्कासित. खाली माहं पूर्ण नाव. पूर्ण, आडनावासकट, अन् आडनावाखाली रेघ. विजूच्या नावाचा कागद त्या बोर्डावर कधी लागला नाही.

बाबा भ्यायला. "माफी माग रे," म्हणाला, "त्या लोकाईशी आपलं जमणार नाही." मी म्हटलं, मरीन पण मागणार नाही. बाबानं मग पिशवी उचलली. आरी, रापी, दोरा टाकला अन् गेला. मी मागं मागं गेलो, कॉलेजच्या फाटकापर्यंत. फाटकातून पाह्यलं. विजू खुर्चीवर बसला होता. माहा बाबा, पन्नाशीचा माणूस, खाली बसून त्याचा पाय मांडीवर घेऊन टाच शिवून राहिला होता. सर बाजूले उभे राहून चहा पिऊन राहिले होते.

त्या क्षणाले माह्या आत जे पेटलं ते विझलं नाही. अपमान माहा झाला तेव्हा मले रडू आलं होतं. बाबाचा झाला तेव्हा रडू नाही आलं. मनात एकच आलं, या पोट्ट्याले मी मैदानात लोळवीन. सगळ्या गावासमोर. अन् सर पाहातीन.

बाबा घरी आला, हात धुतले, जेवाले बसला. मी त्याच्याशी बोलत नव्हतो. त्यानंच भाकर मोडता मोडता म्हटलं, "डाव्या टाचेचा बाहेरचा स्टड झिजून सपाट झाला त्याचा. उजव्याचा पुढचा अजून नवा आहे. तो उजव्या पायावर भारच टाकत नाही. वळते तर डाव्यावरच वळते." मी म्हटलं, "मले काय करायचं?" बाबानं दुसरी भाकर घेतली. तो भेकड आहे, असंच मी तेव्हा धरून चाललो.

पण रात्रभर ते डोक्यात फिरलं. उजव्या पायावर भार टाकत नाही. म्हणजे डावीकडं झेप घ्याची असली तर याले घेताच येत नाही. याच्या डाव्या हाताकडून बॉल नेला का हा गेला कामातून.

वर्ष संपलं तसा मी टी.सी. काढला अन् पांढुर्ण्याच्या कॉलेजात नाव टाकलं. मावशी सावरगावले राहे, जाम नदीच्या पल्याड. तिच्याकडं राह्यलो. नदीच्या रेतीत रोज एकच प्रॅक्टिस. एक दगड रोवला. तो विजू. त्याच्या डाव्या अंगानं बॉल न्याचा. परत न्याचा. परत. मावशी म्हणे, "पोट्टं याडं झालं, दगडाशी खेळते." गोटमारीचं गाव ते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठाहून एकमेकाईले दगड मारणारं; दगड कसा फेकाचा ते तिथं कोणालेच शिकवा नाही लागत. मी दगड फेकला नाही. रोवून ठेवला.

सौसरच्या टीमच्या बातम्या बसमधून येत. कंडक्टर फुटबॉलचा वेडा होता. तो सांगे, यंदा बी कप त्याईचाच. पोट्टे चांगले आहे, बूट नवे आहे, कमिटीनं जीप देल्ली. मी विचारे, "मोहगावचा बॅक?" एक दिवस तो म्हणाला, "अरे, त्याले काढला. संत्र्याचा तोडा चालू होता, तीन दिवस प्रॅक्टिसले नाही आला. सरानं कागद लावून देल्ला, अनुशासन." मी विचारलं, "त्याच्या जागी कोण?" "विजूच. कॅप्टनच मागं खेळते म्हणे आता."

मी बसमध्ये एकटाच हसलो. ज्यानं विजूची पाठ सांभाळली त्याले त्याईनं शिस्तीच्या नावानं हाकलला होता. आता मधात कोणीच नव्हतं. मी होतो अन् तो होता.

सौसरसंग आमची मॅच पांढुर्ण्यात होती. त्याईची जीप आली. विजूनं मले पाह्यलं अन् न पाह्यल्यासारखं केलं. आम्ही बॉल मारत होतो, तेवढ्यात सौसरचे तेच खेळाचे सर आमच्या अर्ध्या मैदानात चालत आले. हातात बूट. चेहऱ्यावर काही नाही, एकदम सहज.

"अरे, बरं झालं भेटला. याचा टाका गेला बघ. पाच मिनिटाचं काम."

माह्या अंगात पांढुर्ण्याची जर्सी होती. दहा मिनिटांनी मी त्याईच्याच विरुद्ध खेळणार होतो. अन् त्या माणसाले त्यात काहीच खटकलं नाही! त्याच्या डोळ्याले जर्सी दिसलीच नाही. त्याले फक्त चांभार दिसला. आमचा पांढुर्ण्याचा कॅप्टन संतापून पुढं झाला. मी त्याले हातानं थांबवला.

"दोन्ही द्या सर," मी म्हटलं.

"हो हो," सर खूश. विजूचा दुसरा बूट बी मागवून देल्ला. मी दोन्ही बूट उलटे केले. बूट नवे होते, झीज जुनीच होती. डाव्या टाचेचा बाहेरचा स्टड सपाट. उजव्याचा पुढचा कोरा. वर्षभरात पोट्टा तसूभर बदलला नव्हता. मी दोन्ही बूट सरांच्या हातात परत देल्ले.

"झालं?" सर म्हणाले.

"झालं. पाहाचं होतं, पाहून घेतलं. शिवून मी देत नाही."

पहिला गोल हाफ टाइमच्या आधी. बॉल माह्याकडं आला, विजू समोर. मी त्याच्या डाव्या हाताकडून गेलो. त्यानं वळाचा प्रयत्न केला, उजवा पाय टेकला, पण भार टाकलाच नाही, अन् तो जागेवरच फिरला. दुसरा गोल बी तसाच. तिसऱ्या डावाले मले गोल नको होता. मी मुद्दाम त्याच्यापर्यंत गेलो, थांबलो, त्याले पूर्ण येऊ देल्लं, अन् परत डावीकडूनच गेलो. उसवलेली टाच बाहेर आली अन् तो धुळीत बसला. हो, बसला. पाय पुढं, बूट उघडा. बांधावर माणसाईचा गोंधळ. मी परत आलो, त्याच्यापुढं उभा राह्यलो.

"बसला ना खाली?" मी म्हटलं.

रेफरीनं मले दम देल्ला. देऊ दे. तेवढ्यासाठी वर्षभर मी दगडाशी खेळलो होतो. मॅच संपल्यावर विजूनं हात पुढं केला, "जाऊ दे ना यार, खेळ आहे. विसरून जा." तो हात मी घेतला नाही. बाबाच्या मांडीवर पाय ठेवणाऱ्याचा हात आहे तो. विसराचं ते त्यानं विसरावं.

मी बसनं सौसरले निघालो. निंबाखाली पोहोचलो तर बाबा काम करून राहिला होता अन् त्याच्या पुढ्यात विजूचे बूट! जीप माह्या आधी आली होती. जीपमधूनच टाकून गेले, म्हणाले, परवा पायजे. माहं डोकं भडकलं. बाबानं आरी हातात घेतली होती, दोरा बी ओवला होता. त्यानं माह्याकडं पाह्यलं.

"किती?"

"दोन शून्य. दोन्ही माहे."

"कुठून गेला?" बाबानं विचारलं. मी सांगाच्या आधीच तो बोलला, "डाव्या हाताकडून ना?"

मी नुसती मान हलवली. वर्षभर मी ज्याले भेकड म्हटलं, त्यानं त्या दिवशी पाय मांडीवर घेऊन शत्रूचा तळ वाचला होता अन् जेवता जेवता माह्या ताटात वाढला होता. मी मात्र त्याच्याशी धड बोललो नव्हतो.

बाबानं दोरा सुईतून काढला. गुंडाळला. डब्यात ठेवला. बूट जुन्या पेपरात बांधले, न शिवता, अन् माह्या हातात देल्ले.

"नेऊन दे," म्हणाला. "अन् काय सांगाचं ते तूच सांग. मले आजपर्यंत नाही जमलं."

सकाळी मी खेळाच्या खोलीत गेलो. दारावर तोच नियमाचा कागद होता. सर टेबलाशी बसले होते. मी पुडकं त्याईच्या पुढ्यात आपटलं.

"तुमच्या कॉलेजचा बूट आता आमच्या दुकानात येणार नाही," मी म्हटलं. "आला तर मी तो बसस्टँडच्या नालीत टाकीन. मैदानात पुढच्या वर्षी बी मी आहो. अन् तुमचा माणूस बदलला तरी चालते सर, मले तळ वाचता येते."

सर काहीतरी बोलाले उठले. मी ऐकाले थांबलो नाही.